प्रतीक्षालयातील हवा

रुग्णालयाचे प्रतीक्षालय चांगले की वाईट हे आपण खुर्च्यांवरून आणि फरशीवरून ठरवतो. तिथल्या हवेचा विचार क्वचितच होतो. म्हणूनच एस्कोम्ब व सहकाऱ्यांचा ‘प्लॉस मेडिसिन’मधील २००७ सालचा शोधनिबंध आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. पेरू देशातील लिमा शहरात ८ रुग्णालयांच्या ७० खोल्यांत कार्बन डायऑक्साइड सोडून तो किती वेगाने विरळ होतो हे या संशोधकांनी मोजले. खोल्यांत प्रतीक्षालयेही होती. दारे-खिडक्या उघडल्यावर हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यांत्रिक वायुवीजनासाठी शिफारस आहे ती १२ वेळांची! उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत हा आकडा ४०, तर नव्या इमारतींत १७ होता.

निबंधाचे बळ या साध्या मोजमापात आहे. मात्र उपचार न झालेल्या रुग्णांच्या २४ तासांच्या सहवासात होणाऱ्या संसर्गाचे आकडे (यांत्रिक वायुवीजनात ३९ टक्के, जुन्या इमारतींत ११ टक्के) रुग्ण मोजून आलेले नाहीत. ते गणिती प्रारूपाने काढलेले अंदाज आहेत. शिवाय लिमाचे हवामान सौम्य आहे. कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघड्या कोण ठेवील?

तरीही मुख्य मुद्दा टिकतो. खोलीतलीच हवा थंड करून फिरवणारे यंत्र हवा बदलत नाही. खोकणारा रुग्ण आणि तान्हे मूल घेतलेली आई यांना तासन्‌तास त्याच कोंडलेल्या हवेत बसवणारी रचना कितीही देखणी असो, आमच्या मते ती नापासच.