कूपर जोडी आणि फुगडीचे चित्र

अतिसंवाहकतेवरच्या लोकप्रिय लेखांत एक चित्र हमखास भेटते. फुगडी खेळणाऱ्या मुलींसारखे हातात हात घातलेले दोन इलेक्ट्रॉन विनाअडथळा धातूतून चालले आहेत. चित्र गोड आहे, मुलांच्या लक्षातही राहते. तरी आमचे त्यावर तीन आक्षेप आहेत.

पहिला आकाराचा. १९५६ मध्ये कूपर यांनी मांडलेल्या जोडीतले इलेक्ट्रॉन एकमेकांना चिकटलेले नसतात. ॲल्युमिनियममध्ये या जोडीचा विस्तार चार-पाच हजार अणूंच्या रांगेएवढा असतो. शेजारच्या दोन अणूंमधले अंतर एक मीटर मानले, तर एक इलेक्ट्रॉन बिबवेवाडीत आणि दुसरा थेट शनिवारवाड्यापाशी! मधल्या जागेत इतर लाखो जोड्या एकमेकींत मिसळलेल्या. मग कोणाचा हात कोणाच्या हातात?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. फुगडीतल्या प्रत्येक मुलीला स्वतःचे नाव असते. इलेक्ट्रॉन हे फर्मिऑन. हा ‘अ’ आणि तो ‘ब’ अशी त्यांची ओळख ठेवताच येत नाही. नेहमीच्या अतिसंवाहकात जोडीचे एकूण स्पिन शून्य असते, एवढे निश्चित. पण त्यातल्या एकाचे स्पिन वर की खाली, हे मोजण्यापूर्वी ठरलेलेच नसते. जोडीची स्थिती पक्की, सुट्या घटकाची नाही. हीच क्वांटम गुंतणूक. ही शब्दांची कसरत नव्हे. २००९ मध्ये संशोधकांनी अतिसंवाहकातली जोडी फोडून तिचे इलेक्ट्रॉन दोन वेगळ्या वाटांनी बाहेर काढले, ते गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांचा स्रोत मिळावा म्हणूनच.

तिसरा आक्षेप कारणाचा. ‘पहिल्या इलेक्ट्रॉनाकडे आयन ओढले जातात, म्हणून दुसरा मागे येतो’ हे स्पष्टीकरण सर्वत्र लागू असल्यासारखे दिले जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथ ०.०००५३ केल्विनखाली अतिसंवाहक झालेले आढळले. त्यात लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. १९५७ च्या बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धान्ताची नेहमीची गृहीतके तिथे टिकत नाहीत.

मग वर्गात काय सांगावे? फुगडी जरूर सांगावी. पण ती कुठे सुटते, हेही मुलांनाच शोधू द्यावे. एखादीने ‘यातला जोडीदार नेमका कोणता?’ असे विचारले, तर तिला गप्प बसवू नये. हा प्रश्न इलेक्ट्रॉनांना लागूच पडत नाही, हे उत्तर दहावीच्या वर्गालाही पेलते.