‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

ओपन सोर्स वेब ॲप्लिकेशनमधून न वापरलेल्या डिपेंडन्सी काढून टाकणं, असा आजचा विषय आहे. यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम, असं काहींना वाटेल. पण ‘न वापरलेली’ हा शब्द नीट पाहा. ते एका अभावाचं विधान आहे, आणि अभाव आपल्याला कळतो कसा यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झालेले आहेत.

आधी वस्तुस्थिती. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात ‘पॅकेज डॉट जेसन’ नावाची एक फाइल असते. दुसऱ्यांनी लिहिलेली कोणती पॅकेजेस आपण घेतली, त्याची ती यादी. माणसं येतात-जातात, कोड बदलतो, यादी मात्र वाढतच राहते. मग कोणीतरी डेपचेकसारखं टूल चालवतो. टूल सांगतं, अमुक नावं कोडमध्ये आढळली नाहीत. तो स्वयंसेवक तेवढ्या ओळी पुसण्याचा प्रस्ताव पाठवतो. काम स्तुत्य आहे, पण त्यावर जी दोन मतं ऐकू येतात ती दोन्ही मला कच्ची वाटतात.

पहिलं मत असं: टूलला सापडलं नाही, म्हणजे वापर नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, नैयायिकांनी मानलं नाही. पण एका अटीवर दोघांचं जमतं. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध झालं नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

आता टूलचा उजेड कुठवर पोचतो ते बघू. ते मुख्यतः ‘इम्पोर्ट’ आणि ‘रिक्वायर’च्या ओळी वाचतं, ओळखीच्या काही कॉन्फिगरेशन फाइलीही वाचतं. पण पॅकेजचं नाव प्रोग्रॅम चालू असताना तयार होत असेल तर? एखाद्या प्लगइनचं नाव सेटिंगमध्ये आखूड करून लिहिलं असेल तर? किंवा दुसऱ्या पॅकेजला सोबत लागतं एवढ्यासाठीच ते यादीत ठेवलं असेल तर? तिथे अंधार आहे. टूलचा रिपोर्ट म्हणजे संशयितांची यादी. तो निकाल नव्हे.

उलट बाजूही आहे. ओळ पुसली, सगळ्या चाचण्या पास झाल्या, म्हणून खात्री पटली का? एनपीएम बहुतेक पॅकेजेस एकाच सपाट फोल्डरात मांडतं. तुम्ही काढलेलं पॅकेज तिसऱ्याच कुणाचा हात धरून आत आलेलं असू शकतं. तुमचा कोड ते गुपचूप वापरत राहतो. त्या तिसऱ्याने उद्या ते सोडलं, की तुमचं ॲप्लिकेशन पडतं, आणि का पडलं ते कुणालाच कळत नाही.

दुसरं मत: असू दे की, नडतंय कुठे? या मताच्या बाजूने इंग्रज लेखक चेस्टरटनचं कुंपण हमखास उभं केलं जातं. कुंपण का घातलं हे कळल्याशिवाय ते काढू नये, असा त्याचा 1929 सालचा युक्तिवाद. सावधगिरी म्हणून ठीक. पण उपमेतच खोट आहे. कुंपण घातलं तिथेच राहतं, पॅकेज तसं राहत नाही. त्याचा मालक दुसरा, आणि त्याची नवी आवृत्ती पुढच्या अपडेटला तुमच्या घरात येते. लॉकफाइल तिला थोपवते, पण तेवढ्यापुरतंच.

जुलै 2018 मध्ये ईएसलिंट-स्कोप या पॅकेजच्या एका देखभालकर्त्याचं खातं चोरीला गेलं आणि त्याची एक दूषित आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातला घातक कोड इन्स्टॉल होतानाच चालत होता आणि एनपीएमची ओळखपत्रं चोरू पाहत होता. म्हणजे पॅकेज तुम्ही वापरता की नाही, हा प्रश्न उद्भवण्याआधीच ते चालून गेलेलं असतं. अशा जगात ‘न वापरलेली म्हणून निरुपद्रवी’ हे वाक्य टिकत नाही.

या चर्चेत लेफ्ट-पॅडचं नावही नेहमी निघतं. मार्च 2016 मध्ये 11 ओळींचं ते पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे प्रकल्प अडले. पण ते पॅकेज वापरात होतं! त्यावरून ‘घ्यावं किती’ हा धडा मिळतो. ‘टाकावं केव्हा’ या आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. दोन्ही प्रश्नांची सरमिसळ करू नये.

मग लाघवाचं काय? कमीत कमी ठेवावं, हे नैयायिकांनाही प्रिय. पण त्यांनी फलमुख गौरवाची सूट ठेवली आहे. ज्या भाराचं फळ मिळतं, तो भार दोष नव्हे. म्हणून यादीची लांबी मोजून काही साधत नाही. प्रत्येक नावापुढे त्याचं फळ लिहिता येतं का, ते पाहावं लागतं.

इथे सिद्धतेचा भार कुणावर, हा प्रश्न येतो. ओपन सोर्समध्ये बहुतेक देखभाल करणारी माणसं फावल्या वेळात काम करतात. टूलचा रिपोर्ट जसाच्या तसा पाठवून देणं म्हणजे पडताळणीचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवणं. हे मला अन्यायाचं वाटतं. काढणाऱ्याने एका वेळी एकच पॅकेज काढावं. ते कधी आणि कशासाठी आलं, ते जुन्या नोंदींत शोधावं. सगळं नव्याने इन्स्टॉल करून बिल्ड आणि चाचण्या चालवाव्यात. ते दुसऱ्या वाटेने आत येतंय का, तेही तपासावं. आणि बदलासोबत दोन ओळींत कारण लिहावं. चुकलंच, तर त्या दोन ओळींवरून कोणीही ते परत आणू शकेल.

आणि देखभाल करणाऱ्यांनीही ‘असू दे’ म्हणण्याआधी स्वतःला विचारावं, की ज्याला आपण कधी पाहिलं नाही त्याच्यावर आपल्या वापरकर्त्यांच्या वतीने आपण विश्वास टाकतोय, तो कशाच्या बदल्यात? याचं उत्तर देता येत नसेल, तर ती ओळ पुसायचं काम हाती घ्यावं. मात्र दिवा लावून.

आता प्रश्न घेऊ.