रिकाम्या चौकटीतील देवस्थाने

‘जरा बाजूला व्हा!’ प्राचीन देवालयाचे छायाचित्र घेताना हे शब्द आपल्यापैकी प्रत्येकाच्या तोंडून केव्हा ना केव्हा निघालेले असतात. नैवेद्याचे ताट घेतलेली आजीबाई, पायरीवर विसावलेला गुराखी, घंटेला हात पोहोचावा म्हणून उड्या मारणारी मुले ही सारी चौकटीबाहेर गेली, की आपण समाधानाने कळ दाबतो. दगड, प्रकाश आणि आकाश तेवढे उरते. अशा छायाचित्राला आपण ‘शुद्ध’ म्हणतो. ही शुद्धतेची कल्पना आली कोठून आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा विचार छायाचित्रकलेच्या समीक्षेत आपल्याकडे फारसा झालेला नाही.

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात अन्वा हे गाव आहे. तेथील ‘मढ’ या नावाने ओळखले जाणारे मध्ययुगीन मंदिर शिल्पप्रेमींना परिचित आहे. हेन्री कझिन्स यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ सालच्या ग्रंथात त्याची दखल घेतलेली आहे. मंदिराच्या बाह्यांगावर विष्णूची आयुधे धारण करणाऱ्या स्त्रीमूर्ती आहेत. त्या विष्णूच्या शक्ती होत, असे मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गाभाऱ्यात मात्र शिवलिंग आहे. भिंती एका देवतेची साक्ष देतात आणि नमस्कार दुसऱ्या देवतेला होतो, हा या वास्तूचा खरा इतिहास आहे. तो दगडांइतकाच माणसांनी घडवला आहे. मढाच्या केवळ भिंतींचे छायाचित्र घेणारा त्या इतिहासाचा पूर्वार्ध टिपतो. उत्तरार्धाला त्याने नुकतेच बाजूला व्हायला सांगितलेले असते.

ही दृष्टी आपल्या प्रदेशात रुजली, ती अन्व्यापासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या डोंगरात. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्याच्या कामी नेमण्यात आले. अनेक वर्षे खपून त्यांनी भव्य प्रतिकृती तयार केल्या. त्यांतील बहुतेक लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत त्या भस्मसात झाल्या. दरम्यान गिल कॅमेऱ्याकडे वळले होते. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. एकात भारतातील शैलमंदिरांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांची शंभर जोडचित्रे होती. ही जोडचित्रे स्टिरिओस्कोपमधून पाहिली म्हणजे दृश्याला खोली आल्याचा भास होई. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेला रसिक अशा रीतीने लेण्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

या छायाचित्रांचे मूल्यमापन करताना त्या काळचे तंत्र ध्यानी घेणे न्यायाचे होईल. तेव्हा कलोडियनचा लेप दिलेली काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि लेप वाळण्यापूर्वी तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागे. ही काच निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई. तांबड्या व पिवळ्या रंगांना जवळजवळ आंधळी असे. परिणामी निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे उमटे आणि गेरू व पिवळी माती यांनी रंगलेली अजिंठ्याची चित्रे काळोखात बुडून जात. ज्या चित्रांसाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्यांनाच कॅमेरा पारखा राहिला. तिसरी मर्यादा आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. अंधाऱ्या जागी काचेवर बराच वेळ प्रकाश पडू द्यावा लागे. तेवढ्या अवधीत जो हलला तो धूसर झाला. जो चालत राहिला तो उमटलाच नाही. खांबाशेजारी उंचीचे माप म्हणून निश्चल उभा केलेला माणूस तेवढा स्पष्ट उमटणार.

आता उपासना म्हणजे काय, याचा विचार करा. प्रदक्षिणा घालणे, दिवा ओवाळणे, वाकणे, गुडघे टेकणे, उठणे, हे सारे हालचालीचे व्यवहार आहेत. आपल्या मिस्साबलिदानातही देह सतत काही तरी करीत असतो. प्रार्थना करणारा माणूस त्या काचेवर राहणे दुरापास्त होते. आज्ञा पाळून स्तब्ध उभा राहिलेला नोकर मात्र टिकला. एका तांत्रिक अडचणीतून निर्माण झालेले हे रितेपण पुढे अभिरुची बनले. काचेची मर्यादा संपली, तरी डोळ्यांची सवय राहिली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. गिल यांच्यानंतर दशकभरातच अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटात हीच कथा घडत होती. १८७३ साली लेफ्टनंट व्हीलर यांच्या लष्करी सर्वेक्षणात टिमथी ओसुलिव्हन या छायाचित्रकाराने कॅनियन द शे या दरीतील ‘व्हाइट हाउस’ अवशेषांचे चित्र घेतले. प्रचंड कड्याच्या कपारीत प्राचीन प्वेब्लो लोकांनी बांधलेली घरे आणि ‘किवा’ म्हणजे बहुधा वर्तुळाकार व जमिनीत खोदलेली उपासनागृहे तेथे आहेत. चौकटीचा बहुतेक भाग कड्याने व्यापला आहे. त्याच्या पोटात पांढरट भिंती आणि त्यांत मुंगीएवढी माणसे. हे चित्र श्रेष्ठ आहे यात शंका नाही. काळाची भव्यता आणि मानवी बांधकामाची चिमुकली जिद्द यांचा असा तोल क्वचितच साधतो. पण पाहणाऱ्याला वाटते की येथे कोणे एके काळी कोणी राहत होते, आता ही दरी निर्मनुष्य आहे. वास्तविक ती नवाहो लोकांची राहती दरी होती. १८६४ साली सैन्याने त्यांची घरे व पिके जाळून हजारोंना तेथून हाकलले आणि १८६८ च्या तहानंतर ते परतले. छायाचित्रकार पोहोचला तेव्हा त्यांना परतून पाचच वर्षे झाली होती. त्याच मोहिमेत ओसुलिव्हनने माग लावून बसलेल्या नवाहो कुटुंबाचेही चित्र घेतले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरी ही दोन चित्रे वेगळी राहिली. अवशेषांचे चित्र ‘कला’ ठरले आणि कुटुंबाचे चित्र ‘माहिती’.

१९४० च्या दशकाच्या आरंभी अॅन्सेल अॅडम्स यांनी त्याच कपारीचे जवळजवळ त्याच ठिकाणाहून छायाचित्र घेतले. त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र मात्र न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याचे आहे. वर काळे आकाश आणि चंद्र, मध्ये ढगांची पट्टी व दूरवर बर्फाळ डोंगर, खाली मातीचे छोटे चर्च आणि मावळत्या उन्हात उजळलेले दफनभूमीतील क्रूस. अॅडम्स यांना तारीख आठवत नव्हती. खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राच्या स्थितीवरून ती १ नोव्हेंबर १९४१ अशी काढली. कॅथलिक वाचकाला ही तारीख वाचून थबकावे लागते. तो सर्व संतांचा सण आणि दुसरा दिवस मृत भाविकांच्या स्मरणाचा. पुढील काळात अॅडम्स त्याच निगेटिव्हवरून प्रती काढताना आकाश अधिकाधिक काळे करीत गेले आणि खेडे अधिकाधिक एकाकी दिसू लागले. क्रूस उजळतात, पण त्यांच्यापाशी येणारे कोणी चौकटीत दिसत नाही. मृतांची आठवण ठेवणारे जिवंत गाव कलावंताने चंद्राच्या स्वाधीन केले. हे चित्र मला प्रिय आहे, म्हणूनच ही खंत नोंदवणे भाग आहे.

येथे आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागेल. देवस्थान रिकामे करण्याचे काम कॅमेऱ्याच्या आधी इतरांनीही केले आहे. सतराव्या शतकात न्यू मेक्सिकोतील फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी प्वेब्लो लोकांच्या विधींवर बंदी घातली, किवांवर छापे घातले, मुखवटे जाळले. १६८० साली पोपे या नेत्याच्या पुढाकाराने उठाव झाला. एकवीस मिशनरी मारले गेले आणि चर्चे उद्ध्वस्त झाली. पेकोस येथे मिशनच्या मठाच्या आवारात खोदलेला एक किवा आजही दिसतो. तो या उठावाच्या काळातील, असे सामान्यतः मानले जाते. या कथेत दोन्ही पक्षांनी दुसऱ्याचे पवित्र स्थान पुसले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्याची भूमिका घेतली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी बोलिव्हियात मूळ रहिवाशांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल क्षमा मागितली. अशी क्षमा मागणाऱ्या ख्रिस्तसभेच्या सदस्याने अन्व्याच्या पायरीवरील आजीबाईंना बाजूला व्हायला सांगताना क्षणभर थांबावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

प्वेब्लो लोकांनी स्वतः या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. होपी गावांत छायाचित्र घेण्यास मनाई आहे. ताओस येथे एरवी कॅमेरा चालतो, पण सणाच्या दिवशी नाही. आणि तेथील सणांत ३० सप्टेंबरचा संत जेरोमचा सणही आहे. चर्च आणि किवा ही दोन्ही ज्यांची आहेत, ते लोक म्हणतात की प्रार्थना करीत असताना आम्हाला पाहुण्यांचे दृश्य व्हायचे नाही. ही मनाईदेखील समीक्षाच आहे. माणसे चौकटीत असली म्हणजे छायाचित्र आपोआप प्रामाणिक होते, या भोळ्या समजुतीला तिने उत्तर दिले आहे. माणसाला वगळणे हा जसा अन्याय, तसेच त्याला न विचारता टिपणे हाही अन्यायच.

एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. निर्मनुष्य छायाचित्रांनी मोठे उपकार केले आहेत. गिल यांच्या प्रतिकृती जळाल्या, छायाचित्रे राहिली. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे चित्रमय खंड काढले. १९९१ साली बिनॉय बहल यांनी भित्तिचित्रांना धक्का लावणारे प्रखर दिवे टाळून अत्यल्प प्रकाशात त्यांचे रंग टिपले. या कामात मध्ये माणूस उभा राहिला असता तर नुकसानच झाले असते. तेव्हा नोंद हा एक हेतू आणि दर्शन हा दुसरा, एवढा भेद करणे इष्ट. नोंदीने दगड दाखवावेत. देवस्थान ‘दाखवतो’ असा दावा करणाऱ्या चित्राला वेगळी कसोटी लावली पाहिजे. तेथे जो येतो, त्याच्यासाठी त्या चौकटीत जागा आहे काय? तो प्रत्यक्ष दिसलाच पाहिजे असे नाही. विझलेली पणती, झिजलेला उंबरठा, पायरीवरील चपला यांतूनही तो येऊ शकतो.

हीच कसोटी भूदृश्यांनाही लागू होते. मराठवाड्याच्या भेगाळलेल्या जमिनीची छायाचित्रे प्रदर्शनांत व मासिकांत वाखाणली जातात. भेगांची नक्षी सुंदर असते, हे खरे. पण जालना जिल्हा वाळवंट नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. त्या नक्षीच्या शेजारी बागेचे खुंट असतात. कोणी तरी त्या झाडांना टँकरचे पाणी घातलेले असते. ते वगळून भेगांचे ‘शुद्ध’ सौंदर्य टिपणारा छायाचित्रकार कोणाच्या तरी नुकसानीला न्यू मेक्सिकोचे वाळवंट समजतो. भोकरदनचेही तसेच. प्राचीन भोगवर्धन नगरीच्या अवशेषांवर आजचे गाव नांदते आहे. १९७३ च्या सुमाराच्या उत्खननात तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पॉम्पेई येथील प्रसिद्ध प्रतिमेशी साम्य दाखवते. पॉम्पेई राखेखाली थांबली; भोगवर्धनचे भोकरदन झाले आणि बाजार भरत राहिला. आपल्या छायाचित्रांनी यांतील कोणत्या शहरासारखे दिसावे, हे आपणच ठरवायचे आहे.

शेवटी पुन्हा गिल यांच्याकडे येतो, कारण त्यांच्यावर एकांगी निवाडा देणे मला पटत नाही. अजिंठा गावात पारू नावाच्या स्त्रीची कबर आहे. ती १८५६ साली पटकीने वारली आणि आपल्या लाडक्या पारूच्या स्मरणार्थ म्हणून गिल यांनी दगडावर तिचे नाव व मृत्यूची तारीख कोरवून घेतली. लेण्यांतला माणूस त्यांच्या काचेवर ठरला नाही. गावातला एक माणूस मात्र त्यांनी पुसू दिला नाही. आज लेण्यांची असंख्य छायाचित्रे निघतात. ती काढून परतताना वाट थोडी वाकडी करून त्या कबरीपाशीही थांबावे, आणि अन्व्याला गेल्यावर आजीबाईंचा नमस्कार पुरा होईपर्यंत कॅमेरा खाली ठेवावा. मग त्यांना विचारून चित्र घ्यावे. त्या नको म्हणाल्या, तर मढाच्या सावलीत थोडा वेळ नुसते बसावे.