दोन डोंगर आणि एक नदी

‘निसर्गचित्र काढा’ म्हटले, की राहूसारख्या सपाट मुलखातले मूलही दोन त्रिकोणी डोंगर काढते. मध्ये सूर्य, आणि तिथूनच निघालेली नदी थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत. समीक्षक या चित्राला साचा म्हणून हसतात. मला त्यातले प्रतीक तपासावेसे वाटते.

त्रिकोण आपला नव्हे, हे मान्य. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून घडलेल्या सह्याद्रीचे माथे बहुधा सपाट, कडे पायऱ्यापायऱ्यांचे. राहूच्या दक्षिणेची भुलेश्वराची रांगही आडवीच. टोकदार शिखर आपल्याकडे रुजवले ते, माझ्या मते, भिंतीवरच्या देवादिकांच्या तसबिरींनी. राजा रविवर्मा यांचा १८९४मध्ये घाटकोपरला निघालेला छापखाना पुढे मळवलीला आला. लोहगड-विसापूरचे सपाट माथे तिथून हाकेच्या अंतरावर. पण घरोघरी गेले ते ‘गंगावतरण’. शिखर म्हणजे देवाचे ठाणे, हा अर्थ त्या आकाराबरोबरच आला.

मात्र मुलाच्या चित्रात देव नसतो, नदी असते. इथे राहूचा भूगोल बोलू लागतो. एका अंगाला भीमाशंकरहून आलेली भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा; पुढे रांजणगाव सांडसजवळ त्या मिळतात. मधल्या टापूला लोक राहू बेट म्हणतात. इथला ऊस आणि गुऱ्हाळे या पाण्यावर उभी. (त्यात पुण्याचे सांडपाणी किती, हा वेगळ्या लेखाचा विषय.) सह्याद्री दिसत नाही, पण शेतात पोचतो.

चिनी परंपरेत निसर्गचित्राचे नावच ‘शान-श्वे’, म्हणजे डोंगर-पाणी. हजार वर्षांपूर्वीच्या फान क्वानच्या दोन मीटरहून उंच चित्रात डोंगराने बहुतेक जागा व्यापली आहे. कपारीतून पाण्याचा एक बारीक धागा उतरतो, आणि तळाशी ओझ्याची जनावरे हाकणारी माणसे मुंगीएवढी. डोंगर तिथे देखावा नाही, खालच्या जगण्याचा उगम आहे.

जे. जे. स्कूलच्या वळणाच्या आपल्या जलरंगांत दूरचा डोंगर निळसर, धूसर असतो. हात कसलेला, आकार अचूक. पण डोंगराचे काम बहुतेक वेळा अंतर दाखवण्यापुरतेच. मुलाने आकार उसना घेतला तरी नाते नेमके पकडले आहे. फक्त राहूला पाणी पश्चिमेच्या डोंगरांतून येते. तेव्हा त्या दोन त्रिकोणांमधला सूर्य, शाळेत उगवता म्हणत असले तरी, मावळतीचाच असणार.