आकडा जुळला म्हणजे कारण सापडलं का?

अळवाच्या पानावर पाणी गोल राहतं. टेफ्लॉनवरही तसंच. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, तो स्पर्शकोन. आता टेफ्लॉनच्या पातळ थराखाली धातूचा पत्रा ठेवा, खारट पाण्याच्या थेंबात तार बुडवा आणि दोहोंमध्ये व्होल्टेज द्या. थेंब पसरतो, कोन लहान होतो.

असं का होतं? प्रचलित उत्तर दोन जुन्या गोष्टी जोडून तयार झालं आहे. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये स्पर्शकोनाचा संबंध पृष्ठताणाशी लावला. गॅब्रिएल लिपमन यांनी १८७५ मध्ये पाऱ्यावर प्रयोग करून दाखवलं, की विजेमुळे पृष्ठताण बदलतो. मग काय, विजेने घन-द्रव सीमेवरचा ताण घटतो, म्हणून थेंब पसरतो! सूत्रही सुटसुटीत आहे: कोनाच्या कोसाइनमधला बदल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मध्यम व्होल्टेजपर्यंत मोजमाप चोख जुळतं.

आमचा आक्षेप सूत्रावर नाही, त्याच्या अर्थावर आहे. फ्रीडर मुगेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेंबाची कड अगदी जवळून पाहिली. पृष्ठभागाला टेकते त्या ठिकाणी, रोधक थराच्या जाडीहूनही कमी अंतरात, कोन बदलतच नाही! तो यंग यांचाच राहतो. विद्युतक्षेत्र कडेपाशी एकवटतं, तिथल्या विद्युतभारावर ओढ बसते आणि पृष्ठभाग वाकतो. आपण लांबून मोजतो तो या वाकण्याचा परिणाम. म्हणजे ताण घटलेला नाही, थेंब ओढला गेला आहे.

कुणी म्हणेल, सर, आकडा तोच येतो ना, मग फरक काय पडतो? फरक पडतो. सूत्रानुसार व्होल्टेज वाढवत गेलं की कोन शून्यावर यायला हवा. प्रत्यक्षात तो मध्येच अडतो, पुढे हलत नाही. ताणाची भाषा इथे मुकी होते. ओढीची भाषा निदान कुठे पाहायचं ते सांगते: कडेपाशी, जिथे क्षेत्र सर्वांत तीव्र आहे. तिथे रोधकात भार अडकतो का, हवेचं आयनीभवन होतं का, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण प्रश्न योग्य जागी विचारला जातो आहे.

दोन स्पष्टीकरणं एकच आकडा देत असतील, तर त्यांना समान मानायची घाई आपण करू नये. आकडा जिथे चुकू लागतो, तिथेच त्यांची खरी परीक्षा होते.