ओर्तेगाचा शिकारी आणि चाळिशीतली नवखी बाई

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, सर, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद केली, मग तिचं तत्त्वज्ञान कशाला वाचायचं? प्रश्न रास्त आहे. आम्ही कधी बंदूक धरलेली नाही, आणि हरणावर गोळी झाडणं आम्हाला आजही पटत नाही. पण आजचा मुद्दा वेगळा आहे. जी विद्या बापाकडून मुलाकडे जाते, ती चाळिशीतल्या बाईनं शिकायची कुणाकडून?

ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञानं १९४२ साली शिकारीवर दीर्घ निबंध लिहिला. मुळात ती एका सरदाराच्या पुस्तकाची प्रस्तावना. शिकाऱ्याचं सावधपण त्यानं फार सुंदर मांडलंय. पण त्याचा शिकारी जणू जन्मतःच तयार! वारा पाठीशी घेऊन उभा राहिला आणि हरणाला वास लागला, असं त्याचं कधी होत नाही. जनावर सोलायचं कसं, हे तो कुणाला विचारत नाही. सावधपण हा स्वभावच मानला, की शिकवायची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ही जबाबदारी एका बाईंनी उचलली. स्टीव्हन्स पॉइंटच्या विद्यापीठातल्या प्राध्यापिका क्रिस्टीन थॉमस यांनी १९९१ मध्ये बायकांसाठी शिबिर सुरू केलं. नेमबाजी, मासेमारी, होडी, तंबू. चुकलं तर हसायला भाऊ नाही, नवरा नाही. पण शिबिर दोन-अडीच दिवसांत संपतं. बंदुकीनं हरिण मारण्याचा हंगाम येतो नोव्हेंबरात, आणि तेव्हा ती पुन्हा एकटी.

२०१६ साली राज्यानं काय केलं? शिकाऱ्यांच्या कपड्यांना भडक नारिंगीच्या जोडीला भडक गुलाबी रंग मान्य केला. बायका येतील म्हणून! काही शिकारी बायकांनीच याला अपमान म्हटलं. बरोबरच आहे. बंदुकीचा दस्ता पुरुषाच्या मापाचा, तो खांद्याला नीट बसत नाही, याचं काय?

त्यापेक्षा २००९ चा नियम आम्हाला मोलाचा वाटतो. प्रशिक्षण न घेतलेल्या नवख्यानं अनुभवी शिकाऱ्यासोबत जावं, पण हाताच्या अंतरावर राहून, आणि दोघांत मिळून शस्त्र एकच. (शस्त्राची अट २०१७ मध्ये गेली.) ओर्तेगाच्या निबंधात नसलेली गोष्ट या रुक्ष कलमात आहे. शिकायचं तर कुणाच्या तरी इतकं जवळ उभं राहावं लागतं.

पण थांबा. अनुभवी शिकाऱ्यांत पुरुषच जास्त. अंधारी पहाट, निर्जन रान, आणि हाताच्या अंतरावर एक परका पुरुष. कलमाला धोका दिसतो तो गोळीचा. तिला आणखी एक दिसतो. आमच्याकडे चाळिशीत पीएच.डी.ला आलेल्या बायका मार्गदर्शकाच्या खोलीचं दार उघडं ठेवून बसत. का, ते आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही उगाच उठून दार लावून घेत असू.

शिबिरातून तयार झालेल्या बाईनं पुढचीला रानात न्यावं, हा उपाय आहे. पण त्याला वर्षं लागतात. आज जी नवखी आहे तिनं तोवर काय करायचं, यावर तुमचे प्रश्न घेऊ. पुढच्या वेळी प्लेटो. 'लॉज'मध्ये त्यानं शिकारीला कायद्यात जागा दिली आहे, ते वाचून या.