शंभरात साडेब्याण्णव

आमचा भाचा डब्लिनहून सुटीवर लातूरला आला, तो मामासाठी चॉकलेटं आणि स्वतःसाठी एक चमचा घेऊन. चमचा जुन्या आयरिश चांदीचा. मी तो सवयीनं चहात बुडवायला गेलो, तर "मामा!" असा काही ओरडला, की आईच्या हातची चाळणी खाली पडली.

मग त्यानं भिंगातून ठसे दाखवले. मुकुटधारी हार्प, म्हणजे तिकडची वीणा, ही शुद्धतेची खूण. ती १६३७ पासूनची. शेजारी बसलेली बाई म्हणजे हायबर्निया; ती कर भरल्याची खूण म्हणून १७३० मध्ये आली. शिवाय वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. चांदी शंभरात साडेब्याण्णव! एवढे शिक्के आमच्या बँकेत व्हाउचरवरही नसतात. आणि साडेब्याण्णव म्हणाल, तर माझ्या बी.कॉम.च्या मार्कांचा विषय इथं न काढलेला बरा.

"यानं खातोस काय?" मी विचारलं.

"छे! जमवतो."

इथंच माझं संग्राहकांशी बिनसतं. दुसऱ्यांना जेवू घालण्यासाठी जन्मलेला चमचा कपाटात उपाशी ठेवायचा, याला काय म्हणावं?

पण वाचकहो, टीका करायला मी तरी कुठला सोवळा? आमच्याकडंही एक चांदीची वाटी आहे. पणजीनं नांदेडच्या सराफ्यातून घेतलेली, तिचं नाव ठोकून घातलेली. घरातल्या तीन पिढ्यांचं उष्टावण तिच्यात झालं. गेल्या दिवाळीत मी ती मोडायला गंजगोलाईत नेली होती. सराफ म्हणाला, "सायेब, घट जाईल. नावाचं काय वजन धरतेत का?" सोनेतारणाच्या टेबलावर बसून माझंही मत तेच झालेलं. घरी हिशेब सांगितला, तर आई एवढंच म्हणाली, "तुझ्या पासबुकावरचं नाव खोडलं तर चालंल का रे?"

वाटी परत कपाटात गेली.

पुण्याला दिनकर केळकरांचं संग्रहालय पाहिलं, तेव्हा हे पुन्हा आठवलं. 'अज्ञातवासी' नावानं कविता करणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि संग्रहालयाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. एका बापानं नाव राहावं म्हणून एवढं जमवलं आणि मी असलेलं नाव वितळवायला निघालो होतो! तेव्हा जमवणाऱ्यांवरची माझी टीका मी निम्मी मागं घेतो. उरलेली निम्मी कायम: ठेवा, पण वापरा.

आईनं ती टीका अमलातही आणली. पणजीच्या वाटीत खीर वाढली आणि आयरिश चमचा तिच्यात खोवून भाच्यापुढं ठेवला. पोरगा लाजत लाजत दोनदा खीर मागून खाल्ला.

नंतर आईनं तो चमचा रांगोळीनं घासायला घेतला, तेव्हा मात्र त्याला पाणी द्यावं लागलं.